थंडीपासून मटार वाचवू नका

दिवाळी सरली की अमरावती-अकोल्यातल्या घरबागेच्या मंडळींत एक सल्ला फिरू लागतो : थंडी आली, आता मटार घरात लावा. खिडकीपाशी कुंडी ठेवायची, तिच्यावर जांभळा दिवा टांगायचा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि दोन महिन्यांनी स्वयंपाकघरातच शेंगा तोडायच्या. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे. तो नुसता निरुपयोगी असता तर त्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. तो ऐकून माणसं दिवे विकत घेतात, कोकोपीटच्या विटा आणतात, रोपं फूटभर लांबून पिवळी पडतात, दोन-चार फुलं येतात, तीही गळतात. मग निष्कर्ष निघतो की वऱ्हाडात मटार होत नाही आणि आपल्या हाताला काही लागत नाही. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मटार वऱ्हाडात होतो, हिवाळ्यातच होतो आणि उघड्यावर होतो. त्याला घरात कोंडलं की तिथेच तो बिघडायला सुरुवात होते.

हा सल्ला जिथे जन्मला तिथे तो बरोबर आहे. लंडनला २१ डिसेंबरला दिवस आठ तासांचाही नसतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. त्याहून उत्तरेला तर जमीनच गोठते. तिथल्या माणसाला जानेवारीत काही हिरवं उगवावंसं वाटलं तर काचेआड जाण्यावाचून इलाज नाही. अमरावती २१ अक्षांशाच्या अलीकडेच आहे. इथे वर्षातला सगळ्यात लहान दिवसही पावणेअकरा तासांहून मोठा असतो आणि त्या दिवशी दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो. लंडनला मार्चच्या विषुवदिनी सूर्य ३८-३९ अंशांपर्यंत चढतो, आणि तिकडे उघड्यावर मटार पेरायचा हंगाम सुरू होतो तो याच मार्चमध्ये. प्रकाशाच्या हिशेबाने आपला डिसेंबर त्यांच्या पेरणीच्या महिन्याहून सरस ठरतो. ते लोक ज्या ऋतूची वाट पाहत हिवाळा काढतात तो आपल्याकडे कार्तिक-मार्गशीर्षात आपणहून येतो, आणि आपण मात्र त्याच्यासमोर खिडकी लावून घ्यायची, असा हा सल्ला आहे.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर्यापूरपासून मूर्तिजापुरापर्यंत काळ्या रानात हरभरा पेरला जातो. थंडीचा कडाका वाढला म्हणून कुणी काळजी करत नाही. उलट थंडी कमी पडली तर घाटे नीट भरणार नाहीत, याचा घोर लागतो. मटार हा हरभऱ्याच्याच कुळातला, आणि थंडीची ओढ त्याला हरभऱ्याहून जास्त. दिवसा १५ ते २० अंश आणि रात्री त्याहून बराच गारवा, हे त्याचं आवडतं हवामान. कोवळं रोप हलकं दंवही सोसतं. त्याला मारते ती उष्णता. पारा ३० च्या पुढे गेला की फुलं गळू लागतात, शेंगा अर्ध्या भरतात, दाणा लवकर पिठूळ होतो. अकोल्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१३ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी २९-३० पर्यंत चढतो. म्हणजे आपल्याकडे मटाराला दुपार कशीबशी निभावावी लागते. त्याची खरी कमाई रात्रीची आणि सकाळची. ती सकाळ आणि ती रात्र घराबाहेर असते.

आता घराच्या आत काय असतं ते पाहा. वऱ्हाडातलं घर उन्हाळ्याच्या धाकाने बांधलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लहान ठेवलेल्या, वर दोन फुटांचा सज्जा, आणि हवेशीर अशी जी एक खिडकी असते तिच्यात कुलर. हा कुलर बहुतेक घरांत बारा महिने तिथेच असतो, कारण लोखंडी स्टँडवरून त्याला उतरवायला दोघे-तिघे लागतात आणि ठेवायला जागा नसते. दक्षिणेला उघडणारी खिडकी हिवाळ्यात खरं ऊन देऊ शकते, पण दक्षिणेला खिडकीच नको, असं मानणारे अजून पुष्कळ आहेत. उरते ती पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, तिला जाळी, जाळीला धूळ, बाहेर शेजारची भिंत. मोकळ्या गच्चीवर हिवाळ्यातल्या दुपारी पन्नास-साठ हजार लक्सच्या वर प्रकाश असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो दोन-तीनशे लक्स भरतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही जागी नीट वाचता येतं, म्हणून आपली फसगत होते. रोप फसत नाही. प्रकाश कमी पडला की ते उजेडाच्या दिशेने लांबत जातं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, देठ लेचापेचा होतो, तणावे धरायला आधार शोधत राहतात. साठवलेलं सगळं या धावपळीत खर्चून झाल्यावर फुलोऱ्यासाठी त्याच्याजवळ काही उरत नाही.

आणि उष्णता? दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री ती ऊब खोलीतच सोडतो. खिडक्या लावलेली खोली डिसेंबरच्या रात्री बाहेरच्यापेक्षा सहज सात-आठ अंशांनी उबदार राहते. आपल्याला त्यात बरी झोप लागते. मटाराला मात्र आपण नेमकी तीच गोष्ट नाकारलेली असते जिच्यासाठी त्याला हिवाळ्यात पेरतात. घरात मटार लावणारा माणूस म्हणून एकाच वेळी दोन नुकसानं करतो : ऊन काढून घेतो आणि थंडीही काढून घेतो.

यावर उत्तर येतं की म्हणूनच तर दिवा लावायचा. ठीक आहे, दिव्याचा हिशेब करू. चाळीस वॅटचा दिवा, रोज चौदा तास, सत्तर दिवस, म्हणजे जवळपास चाळीस युनिट वीज. एवढ्या दिव्याखाली एक मोठी कुंडी बसते, तिच्यात सहा रोपं. आता उत्पन्न. शेतात ३० बाय १० सेंटीमीटरवर लागवड केली तर हेक्टरी सव्वातीन लाखांवर रोपं बसतात, आणि हेक्टरी दहा टन हिरव्या शेंगा हे चांगलं पीक मानलं जातं. भागाकार केला तर एका रोपाच्या वाट्याला तीस ग्रॅम शेंगा येतात. भर उन्हातल्या, खत-पाण्याच्या, पोसलेल्या रोपाच्या या शेंगा आहेत. दिव्याखालच्या रोपाने तेवढंच दिलं असं धरलं, जे ते देत नाही, तरी सहा रोपांच्या १८० ग्रॅम शेंगा होतात आणि सोलून हाती ऐंशी-नव्वद ग्रॅम दाणे. एका वेळच्या पोह्यांत घालायला पुरतील एवढे. चाळीस युनिट विजेचे हे दाणे अकोल्याच्या जनता भाजी बाजारात किंवा अमरावतीच्या इतवाऱ्यात जानेवारीतल्या भावाशी ताडून पाहिले की बोलायला जागा राहत नाही. शिवाय हा दिवा कुठल्या महिन्यात जळतो? बाहेर निरभ्र आकाश आणि रोजचं फुकट ऊन असणाऱ्या महिन्यात.

घरातल्या मटाराच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मटाराला मधमाशी लागत नाही. फूल उमलण्याआधीच त्याच्या आत परागीभवन होऊन गेलेलं असतं, तेव्हा बंद खोलीतही शेंग धरायला अडचण नाही, असं म्हणतात. बरोबर आहे. याच गुणामुळे तर ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात आपल्या प्रयोगांसाठी मटार निवडला. पण त्याने तो कुठे लावला? ब्रनोच्या मठाच्या आवारात, सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद उघड्या वाफ्यात. काचघर त्याच्याजवळ होतं. फुलोऱ्याच्या दिवसांत काही कुंड्या तो त्यात नेऊन ठेवत असे, एवढ्यासाठी की किड्यांनी बाहेरच्या झाडांत पराग मिसळले तर ते तुलनेत कळावं. काचघरातला मटार पडताळ्यापुरता होता. पीक बाहेरच्या वाफ्यात होतं. आणि तेही मोराव्हियाच्या गारठ्यात, जिथे काचघराची गरज आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. मधमाशी लागत नाही म्हणून ऊन लागत नाही, असं होत नाही.

दुसरा दाखला देतात तो अंतराळाचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन विभागात ‘लाडा’ नावाच्या छोट्या हरितगृहात २००३ पासून पुढची काही वर्षं ठेंगण्या मटाराच्या एकामागून एक पिढ्या घेतल्या गेल्या. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी असंही दाखवलं की रोज बावीस तास प्रकाश दिला तर बंद खोलीत गहू, हरभरा, मटार यांच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. ती कशासाठी झाली तेही पाहिलं पाहिजे. अंतराळवीराला खिडकीबाहेर माती नाही, हवाही नाही. वाणसंशोधकाला भाजी नको असते. त्याला लवकरात लवकर पुढच्या पिढीचं बी हवं असतं, मग त्या रोपाने दोनच शेंगा दिल्या तरी चालतं. मटार घरात जगतो की नाही, हा वाद मी घालतच नाही. पुरेसा दिवा, पुरेसा पंखा आणि पुरेसा गारवा विकत घेतला तर कुठेही जगेल. अमरावतीतल्या माणसाने तो खर्च कशासाठी करायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

घरात कीड लागत नाही, असाही दावा असतो. हा तर उलटाच आहे. मटाराचा मोठा वैरी भुरी. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो आणि पाहता पाहता शेंगांपर्यंत पोहोचतो. या बुरशीला पावसाची गरज नसते. कोरडा दिवस, गार रात्र, दाट सावली आणि कोंडलेली हवा तिला मानवते. खोलीच्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून ठेवलेल्या कुंड्या म्हणजे तिच्यासाठी आयती सोय. मावाही उबदार खोलीत थांबायचं नाव घेत नाही, कारण त्याला खाणारे लेडीबर्डसारखे किडे दाराबाहेर राहिलेले असतात. घरात एक गोष्ट मात्र खरोखर येत नाही, ती म्हणजे वानरं. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांच्या वस्तीत वानरांची टोळी फिरते त्यांना ठाऊक आहे की कोवळ्या शेंगांचा वेल एका सकाळी संपतो. खारी आणि पोपटही असतात. पण यावरचं उत्तर जाळी हे आहे. बांबूच्या चौकटीवर नायलॉनची घट्ट ताणलेली जाळी, खालून दाबलेली, वरून झाकलेली. ऊन येतं, हवा खेळते, वानर बहुतेक वेळा कंटाळून जातं. जाळीचा खर्च एकदाच होतो. दिव्याचं बिल दर महिन्याला येतं.

मला सगळ्यात गंभीर वाटतो तो फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा मुद्दा. गच्ची आपली नाही, आवार नाही, मग घरात लावू नये तर कुठे लावावं? अमरावतीत, अकोल्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी वाडे आणि बंगले पाडून इमारती उभ्या राहिल्या. परस गेलं, विहीर बुजली, पेरूचं झाड गेलं. गच्ची उरली, आणि तिलाही कुलूप लागलं. कुंड्यांनी गळती होते, वजन पडतं, असं कारण समितीच्या बैठकीत पुढे येतं आणि विषय मिटतो. इथे माझा राग घरातल्या दिव्यावर नाही, या कुलुपावर आहे. लोक खोलीत मटार लावतात याचं एक कारण त्यांना उन्हातून हुसकावलं गेलं हे आहे, आणि दिव्याची जाहिरात करणारे त्या हुसकावण्यालाच शहाणपणाचं रूप देतात.

वजनाचा हिशेब लपवण्यासारखा नाही. ज्या गच्चीवर लोक जातात-येतात तिचा आराखडा भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरून केलेला असतो. वीस लिटरची, ओल्या मातीने भरलेली पिशवी पंचवीस-तीस किलोची होते. मटाराची मुळं फार खोल जात नाहीत. वीत-सव्वा वीत माती त्याला पुरते. चौरस मीटरला दोन पिशव्या, त्याही कठड्याच्या कडेने, जिथे खाली तुळई असते, अशा मांडल्या तर मर्यादा कुठेही ओलांडली जात नाही. जुन्या, तडे गेलेल्या इमारतीत आधी इंजिनिअरला दाखवावं, हे मान्य. गळतीसाठी पिशव्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवाव्यात, खालची जागा झाडता यावी, पाणी साचू नये. एवढी शिस्त पाळायला तयार असलेल्या कुटुंबांना तीन महिने गच्चीचा एक कोपरा द्यायला कुठल्याही सोसायटीची हरकत का असावी? उन्हाळ्यात पापड-कुरड्या-सरगुंडे वाळवायला हीच गच्ची सर्वांना चालत होती. ज्यांना गच्ची मिळतच नाही त्यांनी बाल्कनी पाहावी. दक्षिण-पूर्वेची बाल्कनी असेल तर सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन मिळतं, आणि नंतरची सावली आपल्याकडच्या मटाराला उपकारकच ठरते. कठड्याबाहेर लोंबत्या कुंड्या लावू नयेत. उत्तरेची बाल्कनी असेल तर मटाराचा हट्ट सोडावा आणि पालक, मेथी, सांबार लावावा. ही पिकं कमी उन्हात मटाराइतकं रुसत नाहीत.

गच्चीवरही बेफिकिरी चालत नाही, कारण तिथली दुपार तापते. पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला पिशव्या ठेवल्या तर दोन-अडीचनंतर त्यांच्यावर सावली येते. हे एवढं केलं तरी फुलगळ बरीच आटोक्यात राहते. पेरणीची वेळ त्याहून महत्त्वाची. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बी टोकून मोकळं व्हावं. डिसेंबरात पेरलेला मटार फुलावर येतो तेव्हा संक्रांत उलटलेली असते आणि ऊन चटकायला लागलेलं असतं. वाण आर्केलसारखं बुटकं आणि लवकर येणारं घ्यावं, साधारण दोन महिन्यांत पहिली तोडणी देणारं. बोनव्हिलसारखं उशिराचं वाण जबलपूरच्या थंडीत शोभतं. आपल्याकडे त्याचा फुलोरा उन्हात सापडतो. नुसती काळी माती पिशवीत भरू नये, ती पाण्याने घट्ट होते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात निम्मं कुजलेलं शेणखत आणि रेती मिसळावी. रायझोबियमचं पाकीट मागताना मटारासाठीचं म्हणून मागावं, कारण हरभऱ्याचा जिवाणू मटाराला कामाचा नाही. आणि आधाराला प्लास्टिकच्या काड्या कशाला विकत घ्यायच्या? वेचणी संपत आलेल्या शेतातून मूठभर पऱ्हाट्या आणाव्यात किंवा गेल्या वर्षीच्या तुराट्या रोवाव्यात. त्यांच्या फांद्यांवर तणावे जितके सहज चढतात तितके गुळगुळीत काडीवर चढत नाहीत.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण दिव्याच्या गप्पांत ही गोष्ट कुणी काढतच नाही आणि वऱ्हाडात मटार बुडतो तो कित्येकदा हिच्यामुळे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं भूजल खारट आहे आणि मटार हे खारटपणा न सोसणारं पीक. बोअरचं पाणी रोज थोडं थोडं घालत राहिलं की पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत साचतात. मातीवर पांढरी खपली धरते, पानांच्या कडा करपतात आणि माणूस खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतो. घरात हे जास्त होतं, कारण फरशी ओली होईल म्हणून कुंडीखाली बशी ठेवतात आणि निचऱ्याचं खारं पाणी पुन्हा वर ओढलं जातं. आणखी एक सवय हल्ली फार दिसते. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण त्या बादलीत मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. मूळ पाणी बोअरचं असेल तर ते मटाराला घालूच नये, फरशी पुसायला वापरावं. मटाराला नळाचं पाणी द्यावं, अमरावतीत अप्पर वर्ध्याचं, अकोल्यात काटेपूर्णेचं. नळ रोज येत नाही अशा वस्त्यांत ते ड्रममध्ये साठवून ठेवावं. दोन-तीन पाण्यांनंतर एकदा कुंडीच्या तळातून निथळेल इतकं भरपूर पाणी द्यावं, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. हे काम गच्चीवर करता येतं, बैठकीच्या खोलीत करता येत नाही.

एवढं वाचून दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतील, जे म्हणतात की वऱ्हाड कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा मुलूख. मटार जबलपूरकडून येतो, तो तिकडचाच खावा. त्यांच्याशीही माझं पटत नाही. जबलपूर मटारासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या डिसेंबरच्या दुपारी आपल्याहून तीन-चार अंशांनी गार असतात, हे खरं. पुरंदरच्या पठारावर तर खरिपातच वाटाणा होतो, कारण उंचीमुळे तिथला पावसाळाच त्याला पुरेसा गार मिळतो. एकरांवर मटार घेऊन वऱ्हाड या दोघांशी स्पर्धा करणार नाही, करूही नये. पण दहा पिशव्यांचा प्रश्न बाजाराचा नाही. दहा पिशव्यांत साठ रोपं, म्हणजे सरासरीने दोन किलोच्या आतबाहेर शेंगा. सकाळी तोडून दुपारी शिजवलेल्या. तोडल्यापासून मटारातली साखर पिठात बदलायला लागते, त्यामुळे ट्रकने आलेल्या शेंगेला ती चव राहूच शकत नाही. तुरीच्या सोल्यांना आणि हुरड्याला जी ताजेपणाची किंमत आपण देतो ती मटाराला का देऊ नये? शिवाय याच अमरावती जिल्ह्यात चिखलदरा आहे, अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर. तिथे कॉफी होते. सपाटीवरच्या मटाराला जे तीन-चार अंश कमी पडतात ते तिथल्या परसबागांत निसर्गच देतो. मेळघाटातल्या आया-बहिणी अंगणवाडीमागे, घरामागे परसबागा करतात. त्यांच्या वाफ्यात मटाराची एक ओळ हवी, ही मागणी शहरातल्या दिव्याच्या खर्चाहून माझ्या लेखी कितीतरी मोलाची आहे. कुपोषणाशी झुंजणाऱ्या तालुक्यांत मुलांच्या ताटात प्रथिनं वाढवणारं, जमिनीत नत्र सोडणारं आणि थंडीत आपोआप खुलणारं पीक दुसरं फार नाही.

घरात मटाराचं काहीच करू नये, असं मी म्हणत नाही. एक गोष्ट घरात उत्तम होते आणि ती म्हणजे मटाराचे कोंब. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं माती किंवा कोकोपीट, त्यावर रात्रभर भिजवलेले वाटाणे दाटीने पसरायचे, ओल राखायची. दहा-पंधरा दिवसांत चार-पाच इंचांची कोवळी पालवी कापून कोशिंबिरीत, थालीपिठात, वरणाच्या फोडणीत घालता येते. तिला फूल नको, शेंग नको, त्यामुळे खिडकीतला उजेड पुरतो. बियात साठलेल्या अन्नावरच ती बहुतेक वाढते. फक्त एक खबरदारी घ्यावी. कृषी केंद्रातून आणलेलं गुलाबी किंवा निळं रंगवलेलं बियाणं यासाठी कधीही वापरू नये. त्याला थायरम, कॅप्टानसारखी बुरशीनाशकं लावलेली असतात. ते जमिनीत पेरण्यासाठी असतं आणि त्याचा कोंब खाणं धोक्याचं आहे. किराण्यातले सुके हिरवे वाटाणे घेतले तर पाण्यात टाकून पाहावेत. पाणी हिरवं झालं तर रंग लावलेला आहे, ते परत करावेत. कोंबांचा हा उद्योग घरात मुलांसोबत करावा, जरूर करावा. पण त्याला शेंगांचं पीक म्हणून विकू नये, आणि ट्रेमधल्या हिरव्यागार पालवीचे फोटो दाखवून लोकांना दिव्यांचे संच घ्यायला लावू नये. आज नेमकं हेच चाललं आहे. पालवी दाखवायची, शेंग कबूल करायची आणि दिवा विकायचा.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात १९६९ पासून आहे. घातखेड, दुर्गापूर आणि सिसा-उदेगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शेतातल्या पिकांसाठी त्यांच्या शिफारशी आहेत. शहरातल्या गच्चीसाठी, वऱ्हाडच्या तारखांसह, अशी छोटी शिफारस त्यांनी काढावी अशी माझी जाहीर विनंती आहे. त्यासाठीची चाचणी साधी आहे : लवकर येणारी चार-पाच वाणं, वीस लिटरची पिशवी, नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं, पेरणी दर आठवड्याला, तोडणीचं वजन. दोन हिवाळ्यांत चित्र स्पष्ट होईल, आणि विद्यापीठाच्या आवारात डिसेंबरअखेर भरणाऱ्या कृषी प्रदर्शनात हजारो शहरी माणसं येतात, त्यांच्या हातात शिफारशीचं ते एक पान ठेवता येईल. ते पान नसल्यामुळेच परदेशातल्या तारखा आपल्या घरांत शिरल्या आहेत.

तोवर, ज्यांना माझं पटत नाही त्यांच्यापुढे एक सरळ परीक्षा ठेवतो. येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकाच पाकिटातलं आर्केलचं बी, एकाच ढिगातली माती, सारख्या दोन पिशव्या घ्या. एक तुमच्या दिव्याखाली ठेवा, तुमच्या पद्धतीने सांभाळा. दुसरी गच्चीवर जाळीत ठेवा. पाणी एकाच ड्रममधलं द्या. संक्रांतीच्या दिवसापर्यंत निघालेल्या शेंगा वेगवेगळ्या तराजूत तोला, दिव्याच्या युनिटांचा आकडा त्या वजनाशेजारी लिहा आणि दोन्ही आकडे, जे काही येतील ते, तुमच्या मंडळींसमोर वाचून दाखवा.